नाल्यापलीकडचा अक्रोड

खिमीच्या आवाजाबद्दल शिल्हाधार गावात जे सांगतात त्यातलं निम्मंच खरं आहे, आणि ते निम्मंसुद्धा पुष्कळ झालं. अंगणात उभी राहून ती गाईला हाक मारायची तेव्हा बियास नदीपलीकडच्या गावातल्या गाई दावी तोडायला लागायच्या. अक्रोड पिकले की गावातले लोक लांब काठ्या घेऊन झाडांवर चढायचे. शेजारची हिरमू मात्र झाडाखाली घोंगडं अंथरायची आणि खिमीला काहीतरी लागेल असं बोलायची. खिमीनं उत्तर दिलं की हिरमूचं घोंगडं भरून जायचं.

या आवाजाचा खरा धनी होता तिचा नवरा, दोतराम. तो पुहाल होता. थंडी पडली की मेंढ्या घेऊन खालच्या डोंगरांत उतरायचा आणि बर्फ वितळायला लागलं की परत वर यायचा. परतीची वाट गावासमोरच्या उतारावरून होती आणि त्या दिवसांत उतारावर नेमकं धुकं बसलेलं असायचं. तिथं वाटेला दोन फाटे होते. एक वरून, देवदारांच्या कडेकडेनं, लांबचा. दुसरा सरळ नाल्यावरून. नाला हिवाळ्यात बर्फानं काठोकाठ भरायचा आणि त्यावरून हत्ती गेला तरी चाललं असतं. पण फागण लागला की खालून पाणी बर्फ खात जायचं. वरून तेच पांढरं, तसंच घट्ट दिसणारं, आणि आत पोकळ. दोतरामला संध्याकाळचं नीट दिसायचं नाही. तो खिमीच्या आवाजावर चालायचा. ती या काठावरून ओरडायची, "ए पुहाला! वरून ये, वरून! आंधळा झालास का मेल्या?" आणि तो शिव्यांचा दोर धरल्यासारखा अलगद घरी यायचा.

त्यानं तिला कधी विचारलं नाही की बाई, नुसतं 'या' म्हटलं तर काय बिघडतं. आणि तिनं त्याला कधी नावानं हाक मारली नाही. नवऱ्याचं नाव बायकोनं घेतलं की त्याचं आयुष्य घटतं, असं सासूनं सांगितलं होतं. आणि ही सासू गेली तरी तिचं सांगणं घरातून काही गेलं नव्हतं.

आता अशा बाईनं माघात काय करावं? संक्रांतीला गावचा नागदेवता स्वर्गात जातो, राक्षसांशी लढायला. देवळाच्या जमिनीवर चाळलेल्या मातीचा लेप देतात, दार लावतात आणि तो परत येईपर्यंत गाव तोंड मिटून बसतं. खालून आवाज गेला तर देव लढता लढता मागे वळून बघेल, आणि लढाईत मागे वळून बघणाऱ्याचं काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. म्हणून गाईंच्या घंटांत लोकर कोंबायची. कुऱ्हाड नाही, कुदळ नाही, रेडिओ नाही. कुकरची शिट्टी काढून ठेवायची, त्यामुळे राजमा दाताखाली खड्यासारखा लागतो. पोरांना रागवायचं ते भुवयांनी. बोलायचंच झालं तर कानाशी, श्वासात.

बायका त्या दिवसांत गालात एक अक्रोड धरतात. सालासकट. जीभ वळवळली की अक्रोडावर आपटते आणि बोल तिथंच राहतो. देव परत आला, नरसिंगे फुंकले, ढोल वाजले की देवळाच्या अंगणात जाळ करून सगळ्याजणी आपापला अक्रोड त्यात टाकतात. मग जे काही फुटतात ते अक्रोड! तडातड, फाडफाड. बायका हसून लोळतात. "हा माझ्या सासूला!" "हा सासऱ्याला!" "हा दोघांना मिळून!" वर्षाचं मन मोकळं होतं.

लग्नानंतरच्या पहिल्या माघात सासूनं खिमीला बजावलं होतं, "तोंडातून काढला की थेट जाळात. जमिनीवर टेकवायचा नाही."

"टेकवला तर काय होईल, आमा?"

"तुझ्या पोटात जे आहे ते बाहेर पडेल. काय काय आहे ते मला नको विचारू. तुझं तुला ठाऊक."

गेल्या वर्षी खिमी काठावर उभी होती, दोतरामची वाट बघत. रोजच उभी राहायची. नरसिंगा वाजला तेव्हा समोरच्या धुक्यातून पहिली मेंढी बाहेर येत होती. इतक्या दिवसांचा कोंडलेला आनंद. तिला देऊळ आठवलं नाही की जाळ आठवला नाही. गालातला अक्रोड तिनं 'थू' करून जो उडवला तो नाल्यापलीकडे जाऊन पडला, आणि तिनं अशी आरोळी ठोकली की वरच्या कड्यावरची बर्फाची लादी सुटली. संध्याकाळी जाळात तिनं घरातला दुसराच एक अक्रोड टाकला. तो फुटला नाही, नुसता धुमसत राहिला. कुणाच्या लक्षात आलं नाही.

यंदाचं वर्ष विचित्र होतं. ऊन लवकर तापलं. माघ सरला नव्हता तरी छपराच्या फळ्यांवरून पाणी ठिबकायला लागलं, गोठ्यांतून शेणाचा ओला वास यायला लागला, सफरचंदाच्या डहाळ्यांना लाली चढली. आणि एवढं सगळं आवाजाशिवाय. एरवी वसंत येतो तो गडबड करत येतो. यंदा तो चोरासारखा अनवाणी आला.

खिमी आणि हिरमू पाणवठ्यावरून हंडे घेऊन येत होत्या. दोघींचे गाल फुगलेले. तेवढ्यात नाल्यापलीकडून, जिथं चिटपाखरू नव्हतं तिथून, खणखणीत आवाज आला:

"हिरमू! अगं सिड्डूत तूप घातलं होतंस की नुसतं दाखवलं होतंस?"

हिरमूचा हंडा कलला. आवाज खिमीचा होता. तोच, तस्साच, शेवटी वर उचललेला. हिरमूनं खिमीकडे बघितलं. खिमीनं गालावर बोट ठेवलं: हा बघ, आत आहे. तिच्या बोटाला आपलाच गाल थंडगार लागला.

तास-दोन तासांत कारदार टिकमराम दारात हजर. देवळाचा कारभार त्याच्याकडे. पोट मोठं, आणि कुजबुजता तर अजिबात यायचं नाही. त्यामुळे तो भांडला ते फुटक्या भात्यासारखं.

"खिमी, देवाच्या लढाईत खोडा घालतेस?"

खिमीनं अक्रोड हातात काढला. "मी बोलले नाही, कारदारजी. हिरमू साक्षीला आहे."

"मग कोण बोललं? आवाज तर तुझाच."

"माझा आवाज म्हणून मीच बोलले का? तुमच्या बोकडाचा आवाज तुमच्यासारखाच आहे. आम्ही कधी काही म्हटलं?"

हे सगळं इतक्या हळू की बाहेर उभ्या असलेल्या माणसांना नुसते दोघांचे हात उडताना दिसत होते. कारदार आणखी काही म्हणणार तोच पलीकडून आलं, सगळ्या गावाला ऐकू जाईल असं:

"कारदारजी! बोकड कापतात देवाच्या नावानं, आणि मांडी दर वेळी तुमच्याच घराची वाट कशी धरते?"

बाहेरच्या माणसांनी तोंडांवर टोप्या दाबल्या. कारदार लाल झाला, मग पांढरा. आणि खिमीनं हातातला अक्रोड उलटसुलट करून बघितला, कारण हे तिचं वाक्य होतं. गेल्या माघातलं. शब्दन् शब्द तिनं अक्रोडावर जीभ घासत घासत मनात म्हटलं होतं, आणि गिळलं होतं.

मग ते रोजचंच झालं. ऊन कलायला लागलं की पलीकडून आवाज सुरू. कुणाच्या सुनेचं, कुणाच्या मापातल्या खोटेपणाचं, कुणाच्या दुधातल्या पाण्याचं. गाव दारं बंद करून ऐकायचं. आधी हसू यायचं. नंतर यायचं बंद झालं, कारण आवाज दमत नव्हता, श्वास घेत नव्हता, आणि पलीकडच्या बर्फावर एक पाऊल उमटत नव्हतं. आवाजापाठोपाठ कुत्री शेपटी पोटात घालून गोठ्यांत शिरायची.

ज्याच्या अंगात देव येतो त्या म्हाताऱ्या झाबेरामला लोकांनी काठावर आणलं. तो बराच वेळ कान देऊन बसला. मग हळूच म्हणाला, "भूत नाही."

"मग बरंय की," हिरमूचा नवरा बेलीराम श्वासात म्हणाला.

"बरं कसलं? भूत असतं तर बोकड दिला असता. याला काय देणार? हे कुणाचं तरी उरलेलं आहे. त्याला फक्त पुरं व्हायचंय."

त्यानं खिमीकडे पाहिलं नाही. पण खिमीला आपण उडवलेला अक्रोड आठवला, तो कुठं पडला ते आठवलं, आणि गेल्या माघात आपण काठावर रोज उभं राहून शेवटी शेवटी काय गिळत होतो तेही आठवलं. गावाची उणीदुणी संपली की आतून तेच निघणार होतं.

ते दुसऱ्याच संध्याकाळी निघालं. आवाज बदलला. खणखणीतपणा गेला. पलीकडून, अगदी मऊ, रात्री उशाशी बोलावं तसं आलं:

"दोतराम..."

खिमीनं अंगावरच्या पट्टूची कड मुठीत धरली.

"दोतराम, ये ना. इकडून ये. इकडून जवळ आहे."

हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलासुद्धा नीट नाही. गेल्या वर्षी वाट बघून बघून जीव इतका कातावला होता की वरची लांबची वाट तिला नकोशी झाली होती. नाल्यावरून ये, लवकर ये, दोतराम. बाईनं एकदा मनात म्हटलं, त्यात काय मोठंसं? पण आता ते तिकडे बसून म्हणत होतं, आणि इकडे नाल्यातलं बर्फ आतून पोकळ झालं होतं. कान लावला तर त्याच्या पोटात पाणी वाजायचं.

त्याच दिवसांत बेलीराम खालून बाजारातून परतला आणि खिमीच्या कानाशी लागला. "भाभी, खाली गवत वाळलं. यंदा पुहाल लवकर निघालेत. दादाचा कळप खालच्या वळणावर दिसला मला. देव यायच्या आत तो येतो बघ."

खिमी तडक कारदाराकडे गेली. "एक हाक मारू द्या. फक्त एक."

"देव वळून बघेल."

"बघू दे. इथं कोण मरतंय ते तरी त्याला दिसेल."

"खिमी, एका पुहालासाठी सगळं गाव उघड्यावर टाकू?" टिकमराम म्हणाला. तो दुष्ट नव्हता. "वर्षाचा पाऊस, गारा, गुरं, पोरं, सगळं त्या लढाईवर आहे. तूच सांग."

खिमी माघारी वळली. वरच्या वाटेनं वळसा घालून पलीकडे जावं म्हटलं तर इकडच्या चढणीवर अजून छातीएवढं भुसभुशीत बर्फ होतं. मग ती काठावर जाऊन उभी राहिली आणि सकाळ-संध्याकाळ यंदाच्या अक्रोडावर जीभ घासत राहिली. वरून जा. वरून जा मेल्या. नाल्यात पाय ठेवशील तर तंगडी तोडीन. वरून, वरून, वरून. गाल आतून सोलवटला. अक्रोड तोंडात दगडासारखा जड झाला.

कळप आला तो दुपार कलल्यावर, धुक्यात. आधी लोकरीचा वास आला, मग बेंबटणं. गाव काठावर जमा झालं. कुणी हूं की चूं करत नव्हतं. धुकं जरा फाटलं तेव्हा समोरच्या उतारावर, दोन वाटा फुटतात तिथं, दोतराम दिसला. खांद्यावर कोकरू, हातात काठी, मान एका बाजूला वळवून कानोसा घेत होता.

"दोतराम," पलीकडून आलं. "ये ना. इकडून."

दोतरामचा चेहरा लांबून दिसत नव्हता, पण तो कसा थबकला ते खिमीला दिसलं. लग्नाच्या दिवशी दाराच्या पायरीशी असाच थबकला होता. मग त्यानं काठीनं पुढचा मेंढा नाल्याकडे वळवला.

खिमीनं अक्रोड बाहेर काढला. कारदारानं डोळे मिटून घेतले, पण तिला अडवलं नाही. तिनं छाती भरून श्वास घेतला. पलीकडेही कुणीतरी श्वास घेतला, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. तिनं तोंड उघडलं, 'वरून जा' म्हणून जीव खाऊन ओरडली, आणि तिच्या तोंडातून नुसती वाफ निघाली. आवाज निघाला तो पलीकडून:

"इकडून ये!"

हिरमूनं खिमीचा हात धरला. खिमी पुन्हा ओरडली. पुन्हा वाफ. पुन्हा पलीकडून, हसल्यासारखं, "इकडून ये, दोतराम!" मेंढा बर्फावर चढला. त्याच्यामागे दोन मेंढ्या.

तेव्हा खिमीनं हातातला अक्रोड काठावरच्या खडकावर ठेवला, दुसरा दगड उचलला आणि दोन्ही हातांनी हाणला.

लोक सांगतात की त्या आवाजानं देवळाचं बंद दार हललं. मी म्हणतो हललं असेल. एवढ्या दिवसांचं सगळं एकदम सुटलं. "वरून जा! वरून! मेल्या, आंधळ्या, वर बघ वर! तंगडी तोडीन! नाल्यात पाय टाकशील तर घरात घेणार नाही! वरून, वरून, वरून, वरून!" खिमीचे ओठ मिटलेले होते. आवाज खडकावरच्या टरफलांतून येत होता.

दोतराम बर्फाच्या कडेशी एक पाय उचलून थांबला. एका बाजूनं बायको नावानं बोलावत होती, मऊ आवाजात. दुसऱ्या बाजूनं बायको शिव्या घालत होती. धुक्यात तो तसाच उभा राहिला, आणि खिमीला वाटलं, जातो आता हा, जाणारच. इतक्या वर्षांत कुणी याला नावानं बोलावलं आहे?

मग त्यानं पाय मागे घेतला, बाकीच्या कळपाला शीळ घातली आणि शिव्यांचं ऐकून वरच्या वाटेला वळला.

मेंढा आणि त्या दोन मेंढ्या नाल्याच्या मध्यावर पोचल्या तेवढ्यात बर्फ खाली बसलं. मोठा आवाज झाला नाही. घोट घेतल्यासारखा झाला, आणि तिथं काळं पाणी दिसलं.

दोतराम वरच्या वाटेनं, कळपाकडून बर्फ तुडवून घेत, रात्री उशिरा घरी पोचला. बोलण्यावरून गावानं खिमीला काही म्हटलं नाही. तोंड तर तिचं बंद होतं, सगळ्यांनी पाहिलं होतं. फुटलेल्या अक्रोडानं शिव्या दिल्या तर अक्रोडाला काय शिक्षा द्यायची, यावर कारदार आणि झाबेराम दोन दिवस कुजबुजत होते. खिमीचा आवाज परत आला होता, पण घोगरा, घासलेला.

नागदेवता परतला. नरसिंगे वाजले, दार उघडलं, मातीचा लेप उकरला. त्यात जे निघतं ते देवानं आणलेलं वर्षाचं भाकीत. लेपात लोकरीचे केस निघाले. मेंढ्यांचं नुकसान, लोकांनी माना हलवल्या, ते होऊन गेलंच. आणि एक पान निघालं, अक्रोडाचं, कोवळं, तांबूस, अजून ओलं. त्या दिवसांत कुठल्याच झाडाला पान नव्हतं. झाबेरामनं ते मुठीत घेतलं आणि त्याचा अर्थ सांगितला नाही.

चैतात वरची वाट मोकळी झाली तसा दोतराम कुऱ्हाड घेऊन पलीकडे गेला. खिमीनंच पाठवलं होतं. काठावरून तिला दिसत होतं: एका खडकाच्या फटीत गुडघ्याएवढं रोप, सगळ्यांच्या आधी पानं फुटलेलं. दोतराम त्याच्यापुढं उभा राहिला. कुऱ्हाड खाली टेकवली. बराच वेळ तसाच उभा होता, मान एका बाजूला कलवून. वारा नव्हता, तरी पानं हलत होती.

तो परत आला तेव्हा पात्याला ओरखडासुद्धा नव्हता.

"सापडलं नाही," तो म्हणाला.

"सापडलं नाही?"

"सगळीकडे बघितलं."

खिमीनं चुलीत लाकूड सारलं आणि कणकेचे सिड्डू वाफवायला ठेवले. दोतराम दाराशी बसून लोकर कातत होता. तकली फिरत होती, बोटं चालत होती, पण डोळे बाहेर होते. दिवस मावळायला आला. गोठ्यात गाईच्या घंटेतली लोकर काढली होती, ती अधूनमधून किणकिणत होती. इतक्यात घंटा थांबली.

"दोतराम..." पलीकडून आलं.

तकली थांबली. दोतरामचे ओठ हलले. खिमीला दिसलं, तो 'ओ' म्हणणार होता. म्हणायचं नसतं. परक्या हाकेला ओ द्यायची नसते, हे पोरालासुद्धा शिकवतात. तो उठलाही होता, एक हात दाराच्या चौकटीवर, आणि त्याच्या चेहऱ्यावर असं काही होतं की खिमीला त्याचा राग आला नाही, स्वतःचा आला.

सासूचं सांगणं तिला आठवलं. आयुष्य घटतं. घटलं तर घटलं; उरेल ते तरी घरात उरेल.

"दोतराम," खिमी म्हणाली.

घोगऱ्या आवाजात, हळू. इतकं हळू ती माघातही बोलली नव्हती. दोतरामनं वळून पाहिलं, जणू चुलीमागून कुणी नवीनच बाई बोलली होती.

"दोतराम, सिड्डू झालेत. ये. बस इकडे."

तो आला. बसला. थाळी पुढं ओढली आणि सिड्डू मोडला. बाहेर नाल्यापलीकडून पुन्हा 'दो' एवढंच आलं, अर्धवट, आणि तिथंच राहिलं. गोठ्यात घंटा पुन्हा वाजायला लागली.

त्यानंतर पलीकडून त्याला कधी हाक आली नाही. रोपाचं आता चांगलं झाड झालंय, पण त्याचे अक्रोड कुणी खात नाही, आणि माघात गालात धरायला तर मुळीच घेत नाही. दोतराम अजून धडधाकट आहे, आयुष्य घटल्याचं काही लक्षण नाही. फक्त कधी संध्याकाळचं वारं नसताना ती पानं हलायला लागली, की गाव आपापली दारं लावून घेतं आणि हिरमू कानांत बोटं घालते. कारण तिच्या सिड्डूतल्या तुपाबद्दल त्या झाडाला अजूनही बरंच काही म्हणायचं आहे.